साहेबाचा ढीग

नागभीड स्टेशनसमोर जहीरची बेकरी आहे. तिथे टोस्ट, खारी, नानकटाई मिळते आणि ताक घालून भाजलेला एक जाडाभरडा पाव मिळतो. तो पाव गावात दुसरं कोणी करत नाही आणि खरं सांगायचं तर फारसं कोणी खातही नाही. पण जहीरचे आजोबा तुफैलबाबा तो करायचे, म्हणून भट्टीतून रोज थोडा निघायचाच.

तुफैलबाबा गोरे होते. रंगानं उजळ असे नव्हे, चांगले विलायती गोरे. कुठून आलात, असं गावानं फार पूर्वी विचारून घेतलं होतं. ‘रेल्वे कंपनीत होतो, राहून गेलो,’ एवढं उत्तर मिळालं होतं. जंक्शनच्या गावात माणूस राहून जातो, त्यात कोणाला काही नवल वाटलं नाही. बाबांनी कलमा पढला, सुलतानाशी निकाह केला, भट्टी लावली आणि यथावकाश इथल्याच कब्रस्तानात गेले. मागे राहिली सुलताना, म्हणजे जहीरची दादी. बाई जंगलातल्या खेड्यात वाढलेली, बाप लाखेचा व्यापारी. घरात सगळे हिंदी बोलत, ही मात्र झाडीबोलीच, म्हणजे इकडच्या जंगलपट्टीतली मराठीच बोले. आल्यागेल्याला ती एक वाक्य हमखास ऐकवायची, "त्याले या दुनियेत माह्याशिवाय कोणी नव्हतं." एखादा आपली पदवी सांगतो तशी ती हे सांगायची, आणि जहीरला ते ऐकून दर वेळी बरं वाटायचं.

तर २००१ सालच्या हिवाळ्यात एक गोरी बाई पॅसेंजरमधून उतरली. चाळिशीची, उन्हानं टोमॅटोसारखी झालेली, नाव ओर्ला. आयर्लंडमध्ये शाळेत शिकवत होती. गावात इंग्रजी बोलणारा आणि वर जीप असणारा माणूस एकच, म्हणून लॉजवाल्यानं तिला जहीरकडे धाडलं. जहीर नागपूरला बी.कॉम. करून आलेला. ते इंग्रजी टोस्ट विकताना गंजून चाललं होतं, त्यामुळे तो खूश झाला.

ओर्ला तिच्या आजोबांच्या शोधात आली होती. टॉम लेसी. महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत भरती झाला. ब्रह्मदेशात पाठवण्याआधी त्याच्या पलटणीला जंगलाची सवय व्हावी म्हणून याच भागात छावणी पडली होती. तिथे, १९४३ साली, रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्याला वाघानं नेलं. सात वर्षं ती हा शोध घेत होती. लंडनच्या दफ्तरखान्यात बसली होती, पलटणीच्या म्हाताऱ्यांना भेटली होती, वनखात्याला पत्रं लिहून थकली होती. तिच्या पिशवीत सेवापुस्तिकेची नक्कल होती, मृत्यूची नोंद होती, अधिकाऱ्याच्या सांत्वनपत्राची प्रत होती. आता तिला फक्त जागा पाहायची होती आणि तिथे घरच्यांनी वर्गणी काढून केलेली पितळी पाटी लावायची होती.

"जागा मला ठाऊक आहे," जहीर म्हणाला. ती या भागात कोणाला ठाऊक नाही? सिंदेवाहीकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की जंगलात साहेबाचा ढीग लागतो. वाघानं माणूस नेला त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक गोटा ठेवायचा, ही इकडची रीत. न ठेवता पुढे गेलं तर मेलेला माणूस सोबतीला येतो म्हणतात. इतक्या वर्षांत लोकांनी गोटे ठेवून ठेवून तो ढीग जीपपेक्षा उंच केला होता.

"आणि हे ते," असं म्हणून ओर्लानं फोटो काउंटरवर ठेवला.

जहीरनं पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. दाढी नव्हती, टोपी नव्हती, वय पंचविशीचं होतं. पण मधोमध तुटलेली डावी भुवई तीच होती, आणि कान तर विचारूच नका. तोच माणूस दाढी लावून जहीरच्या डोक्यावर, भिंतीवरच्या फोटोत, हार घालून बसला होता. ओर्लानं मान वर केली असती तर सात वर्षांचं संशोधन तिथल्या तिथे संपलं असतं. पण तिला पंख्याचा वारा हवा होता, ती पंख्याखाली जाऊन उभी राहिली.

ती लॉजवर गेल्यावर जहीरनं फोटो उतरवून मैद्याच्या पोत्यामागे ठेवला. बायको निशातनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काच पुसायची आहे."

त्याला रडावं की हसावं कळेना. पिशवीतली सगळी कागदपत्रं अस्सल होती, शिक्के खरे, सह्या खऱ्या. मेलेला माणूस तेवढा पुढे पंचेचाळीस वर्षं नानकटाई विकत होता. पण त्याला खरी चिंता दादीची. टॉम लेसीला नात आहे, म्हणजे मूल होतं, म्हणजे बायको होती. दादीची सारी मिजास त्या एका वाक्यावर उभी. पंच्याहत्तरीच्या म्हातारीला जाऊन सांगायचं का, की बाई, तू दुसरी? जहीरनं ठरवलं, पाटी लावायची, बाईला गाडीत बसवायचं आणि विषय संपवायचा.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये ओर्ला मोकळेपणानं बोलू लागली. तिकडे गावात आजोबांच्या फौजेचं नावही काढायची सोय नव्हती. इंग्रजांशी लढून सुटलेल्या मुलखात त्यांचाच गणवेश घातला म्हणजे घराण्याचं नाक कापलं. वाघ मात्र अख्ख्या गावाला आवडला होता. त्यामुळे लेसींचा टॉम फौजेत मेला असं कोणी म्हणत नसे, वाघानं खाल्ला असंच म्हणत, आणि तेही अभिमानानं.

"आईला तर त्या वाघाचा फार आधार," ओर्ला म्हणाली. "आमच्याकडे कितीतरी बाप कामाला म्हणून परदेशी गेले आणि तिकडेच दुसरं घर करून बसले. आई अजून म्हणते, माझे वडील मला सोडून गेले नाहीत. त्यांना वाघानं नेलं."

जहीरनं गिअर बदलला. उगाचच बदलला, चढ नव्हता. कालपर्यंत त्याला एकाच म्हातारीला सांभाळायचं होतं, आता समुद्रापलीकडे दुसरी निघाली. दोघींना एकच खोटं पुरणार होतं, ही त्यातल्या त्यात सोय.

ढिगाजवळ चिटपाखरू नव्हतं. ओर्लानं पाटी बाहेर काढली, आणि तेवढ्यात शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, वारलू आला. वारलू म्हणजे गोंडांचा सत्तरीचा म्हातारा, टोस्ट घ्यायला बाजाराच्या दिवशी नागभीडला यायचा. गोरी बाई पाहून त्याला फार आनंद झाला.

"हे कोण होय, जहीरभाऊ?"

"पाव्हनी. हा ढीग पाहाले आली. याच्यातला साहेब तिचा आजा होता."

वारलूनं तिच्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, जहीरकडे पाहिलं आणि तो हसत सुटला. "अरे, याच्यात कुठचा साहेब? साहेब तं तुहा आजा! तुले कोणी सांगतलं नाई का? माह्या बानं अन् तुह्या दादीच्या बानं त्याले लपवला. ब्रह्मदेशात लढाले धाडून राह्यले होते, त्याले जाचं नव्हतं. रडे तो. मंग त्याचा शर्ट फाडला, बकरीचं रगत लावलं, वाघाच्या वाटेवर टाकून देल्ला. फौजवाले आले, पाह्यलं, टोप्या काढल्या, गेले. आमी पोट्टे झाडावर बसून पाहत होतो. मंग रीतीपरमानं गोटे ठेवले. ठेवले नसते तं कोणाले खरं वाटलं नसतं."

"काय म्हणतात ते?" ओर्लानं विचारलं. तिचे डोळे आत्ताच भरले होते.

"म्हणतात," जहीर म्हणाला, "तुमचे आजोबा फार शूर होते."

"एवढं बोलले आणि इतकंच?"

"आमची बोली जरा लांबते, मॅडम."

वारलू थांबायला तयार नव्हता. "अन् सांग तिले, बुढा झाल्यावर बी दर साली ये तो इथी. गावाले टोस्ट आने. अन् आपल्याच ढिगावर आपल्याच हातानं गोटा ठेवे. आमी हासू. तो नाई हासे."

हे मात्र जहीरला ठाऊक नव्हतं. बाबा वर्षातून एकदा सायकल घेऊन "उधारी वसूल करायला" जंगलात जायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. त्यावरून दादी त्यांना बोल लावायची. ओर्लाला त्यानं सांगितलं, की या गावानं तुमच्या आजोबांची आठवण खूप जपली आहे. हे खोटंही नव्हतं.

पाटी लागली. त्या पाटीवर कर्तव्य बजावताना मरण आलं असं लिहिलं होतं. ओर्लानं रीत विचारली, एक गोटा शोधून आणला, ढिगावर ठेवला आणि ओक्साबोक्शी रडली. जहीरनंही गोटा ठेवला. आपण तो नेमका कोणासाठी ठेवतोय हे त्याला नीट कळलं नाही. वारलूनं टोस्टाचा पुडा मागून घेतला.

जहीरचा बेत तिला सरळ स्टेशनावर सोडायचा होता. पण बेकरीसमोर जीप थांबते न थांबते तोच निशात दारात. "दादी म्हणतेय, साहेबाचा ढीग पाहायला आलेल्या पाहुणीला आत आण. चहा पिल्याशिवाय गेली तर नाव जाईल."

"गाडीची वेळ झाली."

"गाडी दीड तास लेट आहे," निशात म्हणाली. त्या मार्गावरची गाडी आजवर कोणाच्या मदतीला धावली आहे?

भट्टीमागच्या आंगणात दादी बाजेवर बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर हात. निशातनं चहा ठेवला, सोबत तो ताकातला पाव. ओर्लानं तुकडा तोडला, चावला, थांबली. "गंमत आहे," ती म्हणाली, "माझी आजी अगदी असाच पाव करायची. असाच दगडासारखा."

"का म्हणते?" दादीनं विचारलं.

"पाव आवडला म्हणते," जहीर म्हणाला.

"आता मी समाधानानं परत जाईन," ओर्ला म्हणाली. "आईला सांगेन, तिच्या वडिलांची जागा मी डोळ्यांनी पाहिली."

"अन् आता का म्हणते?"

"म्हणते, नागभीडची हवा छान आहे."

दादीनं नातवाकडे एकदा नीट पाहिलं. बाजारात सडकी भाजी देणाऱ्याकडे ती असंच पाहायची. मग पदर सारखा केला, ओर्लाकडे वळली आणि तोडक्यामोडक्या, पण साफ कळणाऱ्या इंग्रजीत तिनं विचारलं, "तुझ्या आईचा पाय सरळ झाला का?"

ओर्लाच्या हातातली बशी कलंडली. जहीरला वाटलं, आपल्यालाच भास झाला. दादी आणि इंग्रजी? या घरात बाबांच्या तोंडून कोणी इंग्रजीचा शब्द ऐकला नव्हता.

"आईच्या पायाचं तुम्हाला कोणी सांगितलं?" ओर्ला पुटपुटली. "ती वाकड्या पावलानं जन्मली. हे मी इथे कोणालाच सांगितलेलं नाही."

दादीचं इंग्रजी तेवढ्यावरच संपलं असावं. ती झाडीबोलीत बोलू लागली आणि बोलताना तिनं नजर ओर्लावरून हलवली नाही.

"दिवसा तो माह्याशी माह्या भाषेत बोले. झोपला का त्याच्या भाषेत. रोज एकच इचारे, पाय सरळ झाला का, पोरीचा पाय सरळ झाला का. ऐकून ऐकून मी शिकली. कोणाची पोरगी, कुठची पोरगी, मी कधी इचारलं नाई. इचारलं असतं तं तो दिवसाबी रडला असता. म्हणून मी गावाले सांगत राह्यली, त्याले कोणी नाई, कोणी नाई. मरतानाबी तेच इचारत गेला. आता माह्याबी जायचे दिवस आले. तिथी गेल्यावर तो पह्यले मले हेच इचारन. मी का सांगू त्याले? इचार तिले, जहीर. अन् या बारीले नीट सांग."

स्टेशनवर गाडीची घोषणा झाली. कोणी उठलं नाही.

जहीरनं सांगितलं. ढिगापासून सुरुवात केली, फाटलेला शर्ट सांगितला, बकरीचं रक्त सांगितलं, मैद्याच्या पोत्यामागचा फोटो आणून तिच्या हातात दिला आणि शेवटी दादीचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. ओर्ला बराच वेळ त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याकडे पाहत राहिली. ती रागावली होती, हे उघड दिसत होतं. तिला रागवायचा हक्कही होता. मग फोटो मांडीवर पालथा ठेवून ती दादीला म्हणाली, "नाही झाला. दोनदा शस्त्रक्रिया झाली, तरी नाही झाला. पण ती चालते. दर रविवारी डोंगर उतरून चर्चला चालत जाते, कोणाचा हात धरू देत नाही."

जहीरनं तेही तसंच्या तसं सांगितलं.

दादीनं मान हलवली. "चालते," ती स्वतःशीच म्हणाली, पाठ करावं तशी. "हात धरू देत नाई. चालते."