माझे सातवे पान

मित्रांनो, मला कोणत्याही छापखान्यात छापलेले नाही. मी हाताने शिवलेले, सोळा पानांचे चित्रांचे पुस्तक आहे. गोवा मुक्त झाल्यावर दहा-बारा वर्षांनी हळर्णच्या एका बालवाडीत वत्सलाबाईंनी मला तयार केले. त्या बालवाडीत माझ्याशिवाय दुसरे पुस्तक नव्हते.

माझ्या पानांवर एक माकड, दोन शेळ्या आणि एक खार शेजाऱ्याच्या काजूच्या बागेत धुमाकूळ घालतात. शेजारी लांब नाकाचा आणि सदा चिडलेला. मुले हसून लोळत. हा शेजारी म्हणजे कुंपणापलीकडचा कृष्णनाथ, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते.

त्याची नात सुमंगला हिने एप्रिलमध्ये मला घरी नेले. काजूचा हंगाम होता. कृष्णनाथ काजूची फेणी गाळायच्या भट्टीला लाकडे लावत होता. त्याने मला तिच्या हातातून ओढले आणि एकेक पान उलटू लागला. तो हसला नाही. सातव्या पानावर त्याचा हात थांबला.

"ह्यां कोणी काढल्यान?"

"बाईंनी," सुमंगला पुटपुटली.

त्याने मला भट्टीच्या तोंडाशी धरले. माझी खालची कड तपकिरी झाली, मग काळी.

"आजो, ता शाळेचा पुस्तक! एकच आसा!" सुमंगला ओरडली आणि बाईंना आणायला धावली. बालवाडी शंभर पावलांवर होती. कागद पेटायला तेवढा वेळ लागत नाही. पण ‘एकच’ ऐकून कृष्णनाथाने मला वीतभर मागे घेतले; तरी माझ्या शिवणीचा दोरा तापून कडक झाला.

बाई धापा टाकत आल्या. "कृष्णनाथबाब, जाळू नका! नाक मोठं काढलं, माफ करा."

"नाक आसूंदे. मी ओरडतंय, तांय खरा. पण ही आकडी?"

सातव्या पानावर चित्रातला शेजारी लांब काठीच्या आकडीने झाडावरचे बोंडू, म्हणजे काजूची फळे, ओढून काढत होता.

"मी जल्मात झाडावरचो बोंडू तोडूक नाय! पिकलो की तो आपसून पडता, मगे आमी वेचतो. ह्यां बघून लोक काय म्हणतले? कृष्णनाथ कच्चो बोंडू पिळता! माझ्या भट्टीर कोण येतलो?"

बाईंनी सातवे पान पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "मी साखळी गावच्या बाजारपेठेत वाढले. काजू पाहिले ते दुकानात, भाजलेले. मला वाटलं, आंब्यासारखेच काढतात."

"आंब्यासारखे!" कृष्णनाथ कपाळाला हात लावून म्हणाला. त्याच हातात मी होतो, म्हणून विस्तवापासून दूर गेलो. "चला. बघा आधी."

त्याने त्यांना झाडाखाली उभे केले. बराच वेळ काहीच पडले नाही. तो मला काखेत घट्ट दाबून वर बघत होता. पडले नाही, तर तो पुन्हा भट्टीकडे वळेल, अशी मला भीती होती. अखेर एक पिवळा बोंडू पाचोळ्यावर टपकला. बाईंनी वाकून तो उचलला.

"आता काढा," तो म्हणाला आणि मला त्यांच्या हातात दिले.

त्याच संध्याकाळी बाईंनी सातव्या पानावर नवा कागद चिकटवला. त्यावर माकड, शेळ्या, खार आणि लांब नाकाचा शेजारी, सगळे माना वर करून बोंडू पडायची वाट बघत आहेत. मुले आता याच पानाला सर्वांत जास्त हसतात. एकदा कुंपणापलीकडूनही हसू ऐकू आले.

मित्रांनो, मला हवे तितके वाचा, पण माझी जळकी कड मोडू नका. आणि सातवे पान इतके जाड का, म्हणून ते नखाने सोलू नका. खाली आकडी अजून आहे. ती झाकली, म्हणून मी वाचलो.