नावाखालचा आकडा

गेले त्याच्या आदल्या दिवशी अण्णा भलतेच खुशीत होते. शहाऐंशीचा उन्हाळा, गावच्या आडाला पाणी नाही, टँकर येईल तेव्हा खरा. आणि हे गृहस्थ बनियनवर, दातात पेचकस धरून, ऐन दारात स्पीकरची ती भलीमोठी पेटी पालथी पाडून बसलेले. त्यांची बायको पुतळाबाई रिकाम्या घागरी घेऊन बाहेर निघाल्या तर वाटच बंद.

"सरकता का जरा? का पेटीवरनं उडी मारू?"

"मार की. म्हातारपणी तेवढंच बघायचं राहिलंय," अण्णा म्हणाले.

सत्यभामा, त्यांची लेक, शेजारी स्क्रू ठेवायला डब्याचं झाकण घेऊन बसली होती. उस्मानाबादच्या शाळेत ती मराठी शिकवायची आणि सुटी लागली की बेंबळीला यायची. अण्णांचा, म्हणजे मच्छिंद्रचा, धंदा लाउडस्पीकरचा. पण जीव होता बेस गिटारीत. बलभीमच्या गायन पार्टीत ते मागं उभे राहून बेस वाजवायचे. पार्टीचा बेसचा स्पीकर जयंतीच्या कार्यक्रमात जळाला, तेव्हा त्यांनी सिकंदराबादच्या एका बंद पडलेल्या क्लबातून ही पेटी आणली. जुनी, विलायती, आत बारा इंची दोन स्पीकर. पण पेटी साध्या गिटारीची. गिटारीच्या स्पीकरचा कागद ताठ असतो. बेसचे जाड सूर त्यात सोडले तर तो फाटतो. आतले स्पीकर मूळचेच, की कुणी मागून बेसचे बसवलेत, एवढंच ओळखायचं होतं.

अण्णांनी मीटर लावला. दोन्हींचा काटा सारखाच हलला. मग त्यांनी एकेक काढून हातात तोलला.

"ह्यो जड हाय बघ. लोहचुंबक केवढं! ह्यो बेसचाच असणार."

"आणि दुसरा?"

"कंपनीचा आकडा दिसला असता तर सांगितलं असतं. पण त्यावर एका शहाण्यानं रंग फासलाय."

तो शहाणा म्हणजे ते स्वतःच. येरमाळ्याच्या जत्रेत दहा जणांचे कर्णे, मशिनी एकत्र पडतात, अदलाबदल होते. म्हणून या धंद्यातला माणूस वस्तू घरात आली की आधी तिच्यावर ऑइलपेंटनं नाव घालतो. अण्णांनीही सवयीनं दोन्ही स्पीकरांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहून टाकलं होतं: मच्छिंद्र, बेंबळी. नेमकं आकड्यावर.

"खरवडायचं उद्या," म्हणत ते जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी ते वायर आणायला निघाले आणि एसटीतच त्यांच्या छातीत कळ आली. गाडी स्टँडला लागायच्या आत सगळं संपलं होतं.

माणूस गेल्यावर बौद्धांत करतात तो जलदान विधी ठरला. घरापुढं मांडव पडला. बलभीमची पार्टी गाणी म्हणणार होती, आणि रीतीप्रमाणे घरच्यांनी दोन शब्द बोलायचे होते. सगळ्यांनी सत्यभामाकडं बोट दाखवलं, शिकलेली तीच.

"मी बोलणार नाही," ती म्हणाली. "अण्णांचा बेस वाजवा. माझ्या वतीनं तेवढं पुरे."

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. मांडवात बेस वाजला नाही तर तिला उभं राहावं लागणार, आणि उभं राहिलं की तोंडातून काय निघेल याची तिला धास्ती होती. लातूरला विचारलं, सोलापूरला विचारलं. बेसचा स्पीकर कुणाकडं मोकळा नव्हता. उरली ही पेटी.

विधीच्या सकाळी माकणीहून रेवणप्पा आले. अण्णांचे जोडीदार, रेडिओ दुरुस्त करायचे, बेसही थोडाफार वाजवायचे. त्यांनी स्पीकरच्या कागदावर दोन्ही तळवे ठेवून हलकेच दाबलं.

"ताठ वाटतंय पोरी."

"अण्णा म्हणाले, जड आहे तो बेसचा."

"मच्छिंद्र मला बी जड म्हणायचा. म्हणून मी काय बेसचा झालो?" एरवी या बोलण्यावर ती हसली असती. रेवणप्पांनी आवाज उतरवला. "आकडा बघितल्याबिगर मी वायर जोडणार न्हाय. रंग काढावा लागंल."

"नाव खरवडायचं नाही, काका."

"मग ऱ्हाऊ दे."

बलभीम मांडवातून आत डोकावला. "ताई, कशाला जिवाला लावून घेता? बेस नसला तरी गाणं हुतंय की."

त्यानं ते चांगल्या मनानंच म्हटलं होतं. पण सत्यभामा जागची उठली, चिंधी रॉकेलात बुडवली, पातं घेतलं आणि जड स्पीकर मांडीवर ओढला. पांढरा रंग सालपटासारखा निघू लागला. आधी बेंबळी गेली. मग मच्छिंद्र, एकेक अक्षर. तिचा हात थांबला नाही; थांबला असता तर पुन्हा चालला नसता. दुसऱ्या स्पीकरचंही तिनंच पुसलं.

रेवणप्पांनी चष्मा सावरला. दोन्ही आकडे एकच. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: पंधरा वॅट. जड स्पीकरच्या लोहचुंबकावर नुसतं एक लोखंडी टोपण होतं. सगळं वजन त्याचंच.

"गिटारीचेच हाईत, दोन्ही. मच्छिंद्र चुकला."

"हळू वाजवा."

"हळू वाजवला तर मांडवात कुणाला ऐकू जायचं न्हाय. मोठा केला तर पहिल्याच गाण्यात फाटतोय."

"फाटू दे."

"सत्या..."

"फाटू दे म्हणते ना काका! जोडा!"

आत चुलीपाशी पुतळाबाईंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. रेवणप्पांनी मुकाट्यानं वायरी जोडल्या, अण्णांची बेस गिटार गळ्यात घातली आणि सगळ्यात जाड तार छेडली. क्षणभर तो सूर निघाला, अण्णांचा, जमिनीतून आल्यासारखा. मग कागद थडथडला आणि सूर किडका झाला. आजाऱ्याच्या छातीसारखी घरघर. रेवणप्पांनी आवाज वाढवायला हात नेला, तशी सत्यभामा पेटीवर ओणवी झाली.

"बंद करा. बंद करा, काका."

त्यांनी बटण फिरवलं.

दुपारी मांडव भरला. त्रिसरण, पंचशील झालं. बलभीमनं गाणी म्हटली, आणि बेसवाचून ती झाली. चार जण बोलले. मच्छिंद्र किती सरळ माणूस होता, हे प्रत्येकानं सांगितलं. मग बलभीमनं माइक तिच्या बाजूला वळवला आणि नाव पुकारलं.

सत्यभामा उठली. रोज चाळीस पोरांपुढं बोलणारी बाई, पण शाळेतलं एकही वाक्य जवळ येईना. समोर लोक थांबले होते. तिनं माइकची दांडी धरली.

"अण्णा," ती म्हणाली, "मी सुटीला यायची ती तुमच्यासाठी. तुमी मला लई आवडायचा."