पेट्रोलच्या डब्याची जागा

लढाई संपली आनि सरकारनं आमाला घरी धाडलं, तवा मी पयलं काम केलं ते म्हंजे लष्करानं मोडीत काढलेली एक फटफटी इकत घेतली. चार वर्सं फटफटीवरनं साहेबाचं कागद पोचवलं, आता पायी कोन हिंडतंय. वडूजला गाडी आनली त्या दिशी निम्मं गाव बघायला आलं. बायको तेवढी चुलीपुढनं उठली न्हाई. शालूबाई तिचं नाव. म्हैनाभरानं ती शिमग्याला म्हनून म्हायेराला गेली आनि तिकडंच बसली.

तिचं म्हायेर कवठे महांकाळच्या अलीकडं. तिला आनायला आधी धाकल्या भावाला धाडला, त्यो हात हालवत परत आला. मग माझं वडील, आबा, सोता गेलं. आबांना तिनं पोटभर जेवू घातलं आनि सांगितलं, "त्यास्नी फटफटी मिळाली न्हवं, तिच्यासंगंच नांदू द्या." मागनं सासऱ्यांचा, नानासोंचा निरोप आला की आखितीच्या सनाआत जावई सोता आलं तर बघू, न्हाईतर पोरगी आमास्नी जड न्हाई. गावातली रिकामटेकडी मानसं तर काडीमोडीची तारीखसुद्दा ठरवून बसली हुती. म्हंजे ही शेवटची खेप. आनि मला शालू पायजे हुती, ह्यात लाजायचं काय? ती घरात नसली की मला भाकर गिळवत न्हाई.

आता सरळ उठून जावं का न्हाई? पर माझ्या डोस्क्यात लष्कर शिरलेलं. म्हनलं, सासुरवाडीनं बघितलं पायजे की जावई कोन हाय. म्हनून आधी सातारला गेलो.

सदर बाजारात ज्योतिबा म्हनून लष्कराच्या स्टोअरात ऱ्हायलेला एक गडी लष्करी जुनं सामान इकायचा. त्येला इचारलं, "सत्तर मैल जायाचंय, अंगावर काय काय पायजे?" हे इचारलं तिथंच माझं चुकलं.

ज्योतिबा म्हनला, "आदी सांग, रोजचं हिंडायला पायजे का लांबच्या पल्ल्याला? रोजच्याला पटका आनि पायतान बास. लांबच्याला मानूस डोक्यापास्नं नखापातूर झाकला पायजे."

"झाक बाबा," म्हनलं.

त्यानं झाकायला सुरवात केली. पयला चामड्याचा कोट. त्यो कुन्या ढेरपोट्या साहेबाचा असनार, कारन त्यात मी आनि माझा भाऊ दोघं मावलो असतो. ज्योतिबा म्हनला, आत वारं खेळतं. मग कोपरापातूर हातमोजं. ते घातलं की तमाखू मळता येईना आनि नाक खाजवता येईना, पर म्हनला सवय हुईल. बूट दिलं ते एक आठ नंबरी, एक नऊ नंबरी. म्हनलं, "ज्योतिबा, ह्ये काय?" तर म्हनला, "गियरचा पाय जरा ऐसपैस पायजे." ह्या मानसाला लष्करानं स्टोअरात कसा ठेवला आनि लढाई आपुन कशी जिकली, द्येवालाच ठावं.

मग गागल, काळ्या पट्ट्याचा, डोळ्याला गच्च बसनारा. नाकाला बांधायला खाकी फडकं. आनि शेवटाला लोखंडी टोप. टोप पटक्यावर बसंना. दोघांनी मिळून दाबला तरी बसंना.

"पटका काढ," ज्योतिबा म्हनला.

"सासुरवाडीला बोडका जाऊ?"

"बोडका कुठं? वर टोप हाय की."

ह्येचं म्हननं मला पटलं, इतका मी येडा. पटका घरी खुटीला ठेवून आलो. फटफटीच्या मागच्या बाजूला लोखंडी कॅरेज ठोकून घेतलं, आनि त्यावर पेट्रोलचा डबा, हत्यारांची पेटी, वळकटी आनि पिन्याच्या पान्याची पिशवी आवळून बांधली. पेट्रोल तवा रेशनच्या चिठ्ठीवर मिळायचं, वाटंत संपलं तर कुनाच्या दारात जायाचं? सगळ्याचा इचार केला हुता मी. शालू सर्व्हिस मोटारीनं मागनं यील, असा बेत.

मायनी, विटं, तासगाव करत निघालो. चैताचं ऊन, रस्त्यावर घोटाभर फुफाटा. कोटाच्या आत वारं काय खेळलं न्हाई, घामाची तळी साचली. तासगावाजवळ म्हशींचा कळप मला बघून उधळला, आनि त्या म्हशींच्या मालकानं माझ्या आयशीपास्नं सुरवात करून आज्यापातूर सगळ्यांचा उद्धार केला. मी थांबून काय बोलनार? तोंडावर फडकं हुतं.

दुपारच्याला सासुरवाडीच्या अंगनात फटफटी बंद केली. सासू धोंडुबाई जोंधळं पाखडत बसलेली. लष्करात एक शिस्त अंगी बाणलेली, बाईमानसापुढं गेलं की टोप काढायचा. तसा मी टोप काढला, काखंत धरला आनि ताठ हुबा ऱ्हायलो. गागल तसाच, फडकं तसंच. बोलायला गेलो तर घशात धूळ, आवाज फुटंना.

आता आमच्याकडं उघड्या डोक्यानं मानूस दारात कवा येतो, हे शेंबडं पोरबी सांगंल. कोन मेलं तरच. त्यात अंगावर समदं लष्करी, आनि गावानं चार वर्सं लढाईत पडलेल्यांच्या तारा बघितलेल्या.

धोंडुबाईच्या हातातलं सूप पडलं. "आगं शालू, घात झाला गं," म्हनून तिनं जी हाळी दिली, ती शिवारापातूर गेली. शालू भायेर आली. तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई, फटफटीकडं बघितलं. फटफटी घरची, वर मानूस परका आनि बोडका. ती उंबऱ्यावर बसून रडाय लागली.

मी हात वर केला, पर हातमोज्यातला हात बघून ती आनखीच रडाय लागली. आळीतल्या बाया जमल्या. माझा घसा मोकळा व्हायला लागला हुता, खरं सांगतो. पर तेवढ्यात शालूनं माझं नाव घेऊन रडायला सुरवात केली. जल्मात तिनं माझं नाव घेतलं न्हवतं. "माझा जोतीराम गेला," म्हनली. मी किती चांगला हुतो, तिच्यावर कसा कवा हात उगारला न्हाई, लढाईवरनं तिला कशी लुगडी धाडली, समदं भायेर आलं. मला गोड वाटलं. म्हनलं, आनखी थोडं ऐकू. असा हलकट मानूस मी.

"मला फटफटीचा राग न्हवता गं आये," शालू म्हनली. "त्येंनी सगळ्या गावाला मागं बसवून फिरवलं. पाटलाला फिरवलं, न्हाव्याला फिरवलं. मी वाट बघत बसले, आज म्हनतील, उद्या म्हनतील, चल शालू. कवा म्हनलं न्हाईत. एकदा तरी म्हनायचं हुतं गं. आता कुनाच्या मागं बसू?"

माझं गोड वाटनं तिथंच संपलं. मान वळवून मी गाडीच्या मागं बघितलं. डबा, पेटी, वळकटी, पान्याची पिशवी. बायकोला न्यायला मी सत्तर मैल आलो हुतो आनि तिला टेकायला तळहाताएवढी जागा न्हवती.

मी गागल काढला, फडकं सोडलं. म्हनलं, "शालू, मी हाय."

तोंड सगळं धुळीचं आनि डोळ्याभवती दोन पांढरी गोलं. बाया किंचाळून पळाल्या. नानासो रानातनं पळत आलं हुतं, त्येंनी मला वरनं खालपातूर बघितलं. सासरा जावयाला मानानं बोलतो, पर त्या दिशी त्येंची जीभ सुटली. "आवं जावईबापू, अक्कल काय लष्करात जमा करून आलासा का? जित्या मानसाच्या दारात बोडकं हुबं ऱ्हायचं?"

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. शालू उठली. डोळं पुसलं आनि आत गेली. दार लावून घेतलं. म्हनलं, जोतीराम, आटपलं.

मग मी फटफटीकडं गेलो. दोर सोडलं. डबा काढला, पेटी काढली, वळकटी काढली, समदं सासऱ्याच्या सोप्यात नेऊन ठेवलं. साहेबाचा कोट घडी घालून कॅरेजवर बांधला, ढेरपोट्याचा असल्यानं गादी चांगली जाड झाली. आनि दारापुढं हुबा ऱ्हाऊन समद्या आळीदेखत म्हनलं, "शालू, माझं चुकलं. चल, मागं बस." अशी बायकोची माफी मागितल्याली त्या आळीनं कवा ऐकली न्हवती. दोन म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या. हसू द्या.

लय येळानं दार उघडलं. शालूच्या हातात गठुडं हुतं. कोटाच्या गादीकडं बघितलं, हातानं दाबून बघितली.

"आये-बापादेखत न्हाई बसायची," म्हनली. "वेशीपातूर ढकलत चला."

ढकलली. उन्हात, आठ नंबरी आनि नऊ नंबरी बुटात, नानासोंनी दिलेला पटका डोक्यावर आनि मागं समदी पोरं. वेस ओलांडली, तशी ती पदर खोचून मागं बसली. मी गाडी चालू केली. मैलभर गाडी गेली. मग तिनं दोन्ही हातांनी माझा सदरा पाठीवर गच्च धरला आनि कानाशी म्हनली, "मगाशी म्या तुमचं नाव घेतलं, त्ये तुमी ऐकलासा?"

"न्हाई," म्हनलं.

"खोटं बोलतासा," म्हनली, आनि मग परत एकदा घेतलं.