एकच बाजू दोनदा

तगरीच्या फुलाला पाकळ्या पाच, आणि प्रत्येकीची एक कड शेजारणीवर चढलेली, भिंगरीसारखी एकाच दिशेने. फूल एक पंचमांश फिरवलं तर तसंच दिसतं. आरशासमोर धरलं की पीळ उलटा होतो.

वसुंधराने हे वहीत आधी मराठीत लिहिलं, मग लोजबानमध्ये. कुणाचीच मातृभाषा नसलेली, तर्काने रचलेली ती भाषा. तिच्या शब्दांच्या याद्या सत्यजीतने अमेरिकेहून टपालाने मागवल्या होत्या. पनवेलच्या कॉलेजात तो गणित शिकवायचा, ती वनस्पतिशास्त्र. दर रविवारी खांदा कॉलनीतल्या तिच्या घरी बसून दोघं फुलं, फुलपाखरं, तारामासे त्या भाषेत मांडत.

दोन वर्षांपूर्वी त्याने लग्नाचं विचारलं होतं. त्याच महिन्यात तिच्या बाबांना, कृष्णकांतांना, अर्धांगवायू झाला. त्यांना सोडून कसं जायचं, हे कोडं तिला सुटेना. "थोडं थांब," ती म्हणाली होती. तो अजून थांबलाच होता.

आज त्याने स्वतःची वही पुढे सरकवली. फुलपाखराच्या चित्राखाली होतं : डावा पंख उजव्याइतका. मग जागा उलटून : उजवा डाव्याइतका. दोन्ही बरोबर. त्याखाली वेगळ्या शाईत, 'मी प्रामी दो.' मी तुझ्यावर प्रेम करतो. आणि पुढे, 'दो से प्रामी मी.'

"हे काय?"

"सममिती. दोन्ही बाजू लिहिल्या."

तिला हसू आवरेना. "अरे, 'से' घातलंस ना मध्ये! त्याने शब्दांच्या जागा बदलतात, अर्थ तोच राहतो. 'मी तुझ्यावर प्रेम करतो, तुझ्यावर प्रेम मी करतो.' एकच बाजू दोनदा लिहिलीस, मास्तर."

सत्यजीतचे कान लाल झाले. "म्हणजे तुझी बाजू..."

"कुठेच नाही."

"गणिताचे सर नापास!" कोपऱ्यातल्या खाटेवरून बाबा म्हणाले. शब्द थोडे घसरत होते, थट्टा नाही. "वसू, माझ्याकडे काय बघतेस? डावी बाजू माझी गेलीय. तुझी शाबूत आहे ना?"

तिने पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. लिहायला घेतलं असतं तर ती तपासतच बसली असती.

"मी प्रामी दो," ती म्हणाली. मग शंकेला जागा नको म्हणून मराठीत, "आपण लग्न करू या, सत्यजीत. बाबा आपल्याकडेच राहतील."