मला तोफ लावली

मी एक चिलखती गाडी. जमिनीवर चालणारी, पाण्यात तरंगणारी. म्हणजे होते एकेकाळी. आता जरीपटका वस्तीजवळच्या एका चौकात सिमेंटच्या चौथऱ्यावर उभी आहे आणि बसची वाट बघणारे लोक माझ्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांवर सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकतात.

कारखान्यात आम्हा बहिणींचा सांगाडा एकच. तळ होडीसारखा बंद, नाकावर लाटा अडवणारी फळी, आणि पाण्यात उतरलं की पट्टेच वल्ह्यांचं काम करायचे. मग एकीला तोफ मिळाली, एकीला रेडिओ आणि नकाशाचं टेबल, एकीला बंद पडलेल्या गाड्या ओढायची क्रेन. माझ्या पोटात चार स्ट्रेचर बसवले आणि दोन्ही अंगांवर लाल क्रॉस रंगवला. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

माझा चालक धोंडबा, खापा गावचा. नदीत उतरण्याआधी माझ्या तळाचं प्रत्येक बूच तो स्वतःच्या हाताने आवळून पाहायचा. दुसऱ्याच्या शब्दावर त्याने मला कधी पाण्यात घातलं नाही. एकदा सात जखमी, चार स्ट्रेचरवर आणि तीन बसवून, घेऊन आम्ही नदी ओलांडत होतो. समोरच्या काठावरच्या शत्रूने क्रॉस पाहिला आणि गोळीबार थांबवला. सातही जण घरी पोहोचले.

सैन्यातून काढल्यावर मी इथे आले. सुशोभन समितीचे अध्यक्ष मधुकरराव माझ्याभोवती फेरी मारून म्हणाले, "बिना तोफेची गाडी पाहाले कोण येईन?" झालं! वेल्डरने माझ्या टपावर तोफ म्हणून पाण्याचा पाइप जोडला आणि क्रॉसवर हिरवा रंग फासला.

बातमी कळताच म्हातारा धोंडबा बसने आला. "साहेब, काहून खोटं करून राहिले? हे जखमी आणाची गाडी आहे. पाइप काढा, अन् तिचा क्रॉस तिले वापस द्या."

दोन वर्षं तो अर्ज घेऊन चकरा मारत राहिला. शेवटी मधुकररावांनी कुणालाच न दुखवण्याचा मार्ग काढला. क्रॉस रंगवला आणि पाइपही ठेवला. वर सव्वीस जानेवारीला धोंडबाचा सत्कार!

पडदा सरकला, टाळ्या वाजल्या. धोंडबाचा चेहरा पडला.

"साहेब, क्रॉस अन् तोफ एका गाडीवर कधीच नसते. हे दगाबाजी आहे. असं केलं तर उद्या खऱ्या क्रॉसवर बी गोळी चालते."

"शोभेचं आहे गा धोंडबा, एवढं कोण पाहून राहिलं?" म्हणत मधुकररावांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली.

धोंडबाने ती शाल काढली. दुखऱ्या गुडघ्यांनी चौथरा चढला आणि ज्या क्रॉससाठी दोन वर्षं भांडला, तोच क्रॉस त्या शालीने झाकून टोकं घट्ट बांधली. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. धोंडबा खाली उतरून बसस्टॉपकडे गेला. त्यानंतर तो आलेला नाही.

माझी लाज एकाच बाजूने झाकली गेली आहे. दुसऱ्या बाजूचा क्रॉस अजून उघडा आहे. पाइप काढणं तुमच्याच्याने होणार नाही, हे मला कळतं. इकडून जाताना घरातली एखादी जुनी चादर तेवढी घेऊन या.