मुळं कापायची वेळ

गुरुवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी श्रीपाल मगदूमने पहिल्या कांद्याची मुळं कापली. कापणार नाही, असा शब्द त्याने पावणेसातला बायकोला दिला होता.

श्रीपाल कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट आहे. वय छप्पन्न, नोकरी सत्तावीस वर्षं. परीक्षेच्या चार दिवस आधी तो बीकरवर कांदे ठेवतो, फक्त बूड पाण्याला टेकेल असे. मुळं दोन सेंटिमीटर वाढली की सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान त्यांची टोकं कापून अल्कोहोल आणि ॲसिडच्या मिश्रणात टाकतो. वेळ चुकवून चालत नाही. मुळाच्या टोकातली पेशी आधी वाढते, आतला ऐवज दुप्पट करते, तो नीट झालाय का ते तपासते आणि मगच दोन होते. वाढण्यात बराच वेळ जातो, दुभंगणं त्या मानाने लवकर उरकतं. त्यामुळे शंभरातल्या पाच-दहा पेशीच दुभंगताना सापडतात. सकाळी कापलं तर थोड्या जास्त. मिश्रणात पडल्यावर पेशी ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत कायमची थांबते.

शुक्रवारी बी.एस्सी.च्या चोवीस मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. गेटवरून बदली होऊन आलेला कृष्णात, वय बेचाळीस, गुरुवारी मुळं कापणार होता आणि श्रीपाल शेजारी उभा राहून सांगणार होता. आठ वाजून पाच मिनिटांनी कृष्णातचा फोन आला.

"दादा, कागलच्या अलीकडं उसाची ट्रॉली पलटी झालीया. हायवे जाम. मला धा वाजत्यात बघा."

"धाला येऊन काय उपेग?"

"मग तुमी कापा की. सत्तावीस वर्सं कापतासा, आजच काय सोवळं पाळाय लागलासा?"

श्रीपालने फोन ठेवला. विभागप्रमुख घोरपडे मॅडमना दोनदा लावला. त्यांनी उचलला नाही. सराव परीक्षेच्या वेळी कृष्णातने दुपारी साडेबाराला मुळं कापली होती आणि वीस मुलांनी उत्तरपत्रिकेत 'विभाजन आढळले नाही' असं लिहिलं होतं. श्रीपालने पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग ब्लेड घेतलं. पावणेनऊपर्यंत सगळे कांदे झाले. बाटलीवर त्याने तारीख आणि वेळ लिहिली.

मगदूम जैन आहेत. घरात कांदा, लसूण, बटाटा येत नाही. श्रीपालने आजवर कांदा खाल्लेला नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये यावरून दर वर्षी तोच विनोद होतो: "दादा, वर लॅबमदी ढिगानं खून पाडतासा, आन भज्यातल्या मढ्याला भितासा व्हय?" श्रीपाल हसतो आणि चहा पितो. कंदात अनंत जीव असतात, असं त्याची बायको त्रिशला मानते. श्रीपाललाही लहानपणापासून तेच शिकवलेलं आहे. म्हणून मुळं कापायच्या दिवशी तो उचगावच्या घरी गेला की मागच्या दाराने थेट न्हाणीत जातो. अंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. हे सत्तावीस वर्षं चालत आलंय. त्यावर दोघांत कधी वाद झाला नव्हता.

गेल्या श्रावणात त्रिशलाच्या मानेत गाठ सापडली. लसिकाग्रंथींचा कॅन्सर. दर एकवीस दिवसांनी एक असे सहा डोस ठरले. तिसऱ्यानंतर तिचं तोंड आतून सोलवटलं. आठ दिवस ती ताकावर होती. नवव्या दिवशी ती म्हणाली, "जित्ती मुळं तुमी दारूत बुडवतासा. त्येचं फळ घरात कुणाला तरी भोगायलाच लागणार की."

"कांद्याचा आन गाठीचा काय संबंध?"

"तुमीच सांगितलंय न्हवं, दोनीकडं एकाचं दोन हुतंय म्हणून?"

श्रीपालने तिला हे सांगितलं होतं, हे खरं. पहिल्या डोसच्या आधी ती घाबरली होती तेव्हा. गाठीतली पेशी तपासायला थांबत नाही, नुसती दोनाची चार होत जाते, एवढंच त्याला समजावायचं होतं.

गुरुवारी चौथा डोस होता. पावणेसातला त्याने स्कूटर बाहेर काढली तेव्हा ती दारात आली. "आज कापायचं न्हाई. कापलासा तर मी दवाखान्यात येत न्हाई."

"कृष्णात कापणार हाय."

"करवणंबी पापच. पर तेवढं चालवून घेते."

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी श्रीपाल घरी पोचला. त्रिशला स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडत होती. उभं राहणं तिला जमत नव्हतं. तिने मान वर केली नाही.

"कापलासा?"

न्हाणी डाव्या हाताला होती. अंघोळीला गेला असता तर वेगळं उत्तर द्यायची गरज नव्हती. श्रीपाल उंबरा ओलांडून आत गेला. फडताळातला पेला घेतला, उकळून गार केलेल्या पाण्याच्या कळशीत बुडवला आणि तिथेच उभ्याने प्याला.

"न्हाई."

त्रिशला थोडा वेळ कळशीकडे बघत राहिली. मग भाजीचं ताट बाजूला सारून तिने डोक्याला रुमाल बांधला. "चला. उशीर नको."

दवाखान्यात साडेदहाला रक्त घेतलं. बाकावर शेजारी एक शेतकरी होता. त्याची बायको आत सलाईनवर होती.

"पावणं, कितवा?"

"चौथा."

"आमचा पाचवा. चौथ्याला लई तरास हुतोय बघा," तो मोठ्याने म्हणाला आणि त्रिशलाकडे लक्ष जाताच गडबडला. "सगळ्यास्नीच हुतोय असं न्हाई वैनी."

"आमी कवा म्हटलं हुतोय म्हणून?" त्रिशला म्हणाली.

पावणेबाराला रिपोर्ट आला. ज्या पांढऱ्या पेशी किमान पंधराशे हव्या होत्या, त्या आठशे साठ होत्या.

"आज देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "औषधाला चांगली पेशी, वाईट पेशी कळत नाही. वाढणारी दिसली की मारतं. म्हणून केस गेले, तोंड आलं. रक्तातल्या पेशी अजून भरून निघालेल्या नाहीत. सोमवारी नऊला परत तपासू."

"तंवर गाठीला कोण थांबीवणार?" त्रिशलाने विचारलं.

डॉक्टरांनी केसपेपरवर सोमवारची तारीख घातली. "चार दिवसांनी फार फरक पडू नये," ते म्हणाले. "ताप मात्र बघत राहा. शंभराच्या वर गेला तर रात्र असो, दिवस असो, थेट इथे या."

बाहेर ऊन झालं होतं. श्रीपालने स्कूटर स्टँडवरून काढली. त्रिशला मागे बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "घरी गेल्यावर कळशीतलं पाणी झाडाला घाला. दुसरं उकळूया."

श्रीपालने किल्ली फिरवली नाही. "तुला कळलं हुतं?"

"वास येतोय की तुमच्या हाताला."

"मग आलीस कशी?"

एक रिक्षा हॉर्न देत वळसा घालून गेली.

"तुमी पारोसं आत आलासा," ती म्हणाली. "सत्तावीस वर्सांत आला नव्हतासा. म्हटलं, ह्या माणसाला मी लईच जगायला पायजे दिसतंय."

घरी गेल्यावर श्रीपालने आधी अंघोळ केली, मग कळशी परसातल्या जास्वंदीला ओतली. नवं पाणी त्रिशलाने स्वतः गाळून ठेवलं. त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

शुक्रवारची परीक्षा पार पडली. चोवीसपैकी तेवीस मुलांना पेशी दुभंगण्याच्या चारही अवस्था सापडल्या. दुसऱ्या तुकडीची परीक्षा मंगळवारी आहे, म्हणजे मुळं सोमवारी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान कापावी लागतील. श्रीपालने शुक्रवारी दुपारी सोमवारच्या रजेचा अर्ज दिला. घोरपडे मॅडम म्हणाल्या, बघते. रविवारी दुपारी चारपर्यंत त्यावर सही झाल्याचं त्याला कळलेलं नव्हतं. त्याच वेळी त्याने त्रिशलाचा ताप मोजला. नव्याण्णव पॉइंट आठ होता.