जनाबाईच्या जिभेला कुलूप

वर्षभर पोटात कोंडलेलं बोलणं घेऊन जनाबाई सकाळी आठलाच हुडकेश्वरला, धाकट्या बहिणीच्या, प्रयागबाईच्या दारात पोचली. घाईत एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुनेची.

झालं होतं असं. हृदयविकार आधीच कसा टाळावा हे शोधायला चार शहरांतल्या डॉक्टरांनी मिळून एक अभ्यास काढला. नागपुरात वस्त्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. जनाबाईच्या सक्करदऱ्याला खाण्यापिण्याची आणि चालण्याची शिकवणी निघाली. हुडकेश्वरला नेहमीची औषधं, शिकवणी नाही. वर्षाअखेर दोन्हीकडचं रक्त तपासून चरबी कुठे उतरली ते पाहायचं.

"तोवर तिकडे कोणाला काही शिकवू नका, आजी. तुलनाच बिघडेल," डॉक्टर मयुरीनं बजावलं.

चाळीस वर्षं पहिलीची पोरं शिकवलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणणं! त्यात प्रयागबाईकडे रोज भज्यांची कढई, तेल काळं होईस्तोवर तेच. समोर बसलं की जीभ सुटणारच. म्हणून जनाबाईनं तिकडे जाणंच सोडलं. फोनवर "बरी हायेस ना वं? बस," एवढंच.

काल दोन्हीकडचं शेवटचं रक्त घेऊन झालं. मयुरी म्हणाली, "आता हुडकेश्वरची शिकवणी तुम्हीच घ्या." जनाबाईला रात्र काढणं कठीण झालं.

प्रयागबाईनं दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही.

"आज काहून आली वं?"

"तुले शिकवाले! ऐक, रक्तवाहिनीत चरबीचा थर कसा चढते..."

"थर गेला चुलीत! वर्षभर तोंड नाही दाखवलं. मले वाटलं, तू रुसली माह्यावर. दिवाळीले एकटी लाडू वळून राहिली होती अन् रडून राहिली होती मी!"

 हे जनाबाईच्या ध्यानीमनीही नव्हतं. अडखळत तिनं सगळं सांगितलं.

प्रयागबाई डोळे विस्फारून पाहत राहिली. "म्हणजे तू गप्प होती? तू?" आणि ती जी हसत सुटली, ती उंबरठ्यावरच बसली. जनाबाईही हसत तिच्याशेजारी कोसळली. समोरची यमुताई काय झालं म्हणून धावत आली आणि काही न कळताच हसू लागली.

डोळे पुसत प्रयागबाई उठली. "चाल, कुठं चालाचं ते सांग."

दोघी निघाल्या. पहिल्या वळणावर जनाबाई तेलावर होती, दुसऱ्यावर भाजीवर, तिसऱ्यावर तिला बोलून बोलून धाप लागली आणि ती थांबली.

प्रयागबाईनं तिचा हात घट्ट धरला. "थांबली काहून? बोल वं, बोल!"